चौकटीतला मोर

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. बंद दारांमागून मागांचा खडखडाट.)

या गल्ल्यांत चादर दिसायच्या आधी ऐकू येते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे. पण चादरीवरचा मोर आधी ज्या कागदावर उभा राहतो, तो कागद गिऱ्हाइकानं कधी पाहिलेला नसतो.

(दृश्य: आलेख कागद. चौकटीत लाल रंग भरणारा ब्रश, अगदी जवळून.)

हाच तो कागद. इथली एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. चौकट रंगवली की धागा वर उचलायचा, कोरी असली की खालीच ठेवायचा. मागावर नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र म्हणजे जकार्ड. 1804 साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या या यंत्राला आजही एवढीच भाषा कळते.

आता या गोल फुलाकडे बघा. समजा कापडात इंचाला ताण्याचे 40 धागे आहेत आणि बाण्याचे 32. सारख्या चौकटींच्या कागदावर 40 बाय 40 चौकटींत फूल काढलं, तर कापडावर ते एक इंच रुंद आणि सव्वा इंच उंच उतरतं. कागदावर देखणं असलेलं फूल मागावर लांबुळकं होतं, मोराची मान उगाच ताणली जाते. म्हणून रुंदीत 10 चौकटी घेतल्या, तर उंचीत 8च घ्यायच्या. जाणता डिझायनर आधी धागे मोजतो, पेन्सिल नंतर उचलतो.

(दृश्य: मागावरचं जकार्ड, वरखाली होणारे हुक.)

धागे उचलणाऱ्या 400 हुकांत, इंचाला 40 धागे धरले तर 10 इंच रुंदीची नक्षी बसते. 60 इंची चादरीत ती सहा वेळा येते. हुकांना धाग्यांशी जोडणाऱ्या दोऱ्यांची बांधणी आरशासारखी केली, की तेवढ्याच हुकांत 20 इंचांची नक्षी मिळते. फक्त डावी बाजू उजवीकडे उलटी दिसते. चोचीला चोच भिडवून उभे असलेले मोर इथून आले.

आणि या मोरांभोवतीच्या बारीक बुट्ट्या? त्या भरतीच्या वाटतात, पण चादर त्यांनीच धरून ठेवलेली असते. चादर दुपदरी असते. नक्षीच्या कडेला वरचा पदर खाली जातो, खालचा वर येतो आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. मधली जागा हातभर मोकळी सोडली, तर तिथे पदर सुटे राहतात आणि धुतल्यावर पिशवीसारखे फुगतात. चादर हातात घेतलीत तर बुट्टीजवळ चिमटीनं पदर ओढून बघा, लगेच कळेल.

(दृश्य: दोरीनं ओवलेल्या कार्डांची माळ.)

बाण्याच्या प्रत्येक धाग्याला पुठ्ठ्याचं एक कार्ड, कोणते धागे उचलायचे ते त्याची भोकं जकार्डला सांगतात. 12 इंच उंचीच्या नक्षीला 384. त्यातलं एक भोक चुकलं, तर तो ठिपका रुंदीत सहा वेळा आणि 84 इंचांच्या अंगात सात ओळींत येतो. एका चादरीवर 42 डाग, आणि कार्ड बदलेपर्यंत प्रत्येक चादरीवर तेच. पावसाळ्यात दमट हवेनं पुठ्ठा फुगतो, भोकं सुयांसमोर नीट येत नाहीत. मग नक्षी बरोबर असूनही विणीत चूक येते. कार्डं कोरडी ठेवणं हे सुद्धा डिझाइनचंच काम आहे.

(दृश्य: दारात, उन्हात धरलेली लाल-पांढरी चादर.)

रंग उन्हातच पारखायचे, पिवळ्या दिव्याखाली मरून आणि तपकिरी एकच भासतात. दहा पावलं मागे सरून डोळे किलकिले केल्यावरही मोर ओळखू आला, तर रंगांची जोडी जमली.

इलेक्ट्रॉनिक जकार्डला कार्ड लागत नाही, चौकटी संगणकावर भरता येतात. धाग्यांचा हिशेब मात्र तसाच करावा लागतो. तो करणाऱ्याचं नाव चादरीच्या लेबलवर नसतं, ते असायला हवं. सोलापुरी चादरीच्या नकला स्वस्तात विकल्या जातात, त्याचा फटका इथल्या मागांना बसतो.

(दृश्य: मागावरून चादर कापली जाते. कात्रीचा आवाज. निवेदन नाही.)