चौलच्या मातीतली खापरं

(दृश्य: सकाळची वाडी. पाटातून वाहणारं पाणी.)

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की नागाव मागे पडतं आणि रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांत शिरतो. हे चौल, एके काळचं बंदर. पाटाला पाणी सोडलंय, सुपाऱ्या वाळत टाकल्यात, कुठे एखादं जुनं तळं शेवाळलेलं. गाव शांत आहे. पण वाडीत आळं खणायला कुदळ मारली, की मातीबरोबर खापरं वर येतात.

(दृश्य: तळहातावर एक निळसर-हिरवा तुकडा.)

हा तुकडा बघा. वरचा रंग मोरपिशी, काचेसारखा गुळगुळीत. आता त्याची तुटलेली कड बघा. आपल्याकडच्या मडक्याची माती लाल आणि खरबरीत असते. ही फिकट पिवळी, मऊ. नख ओढलं तर भुकटी निघेल. ही इराकमधली, बसऱ्याकडची माती आहे. अशा जाड रांजणांतून खजुराचा पाक यायचा, असं अभ्यासक मानतात. पाक संपला, रांजण फुटला आणि तुकडे इथेच पडून राहिले.

डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलमध्ये उत्खनन केलं, तेव्हा मातीचे थर थेट सातवाहनांच्या काळापर्यंत खाली गेले. पण मला या शहराचा मधला काळ सर्वांत जवळचा वाटतो.

अरब या बंदराला सैमूर म्हणत. इसवी सन ९१५-१६च्या सुमारास अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी इथे आला होता. तेव्हा कोकणात शिलाहार झंझ राजाचं राज्य होतं. मसूदी लिहितो की गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान आहेत. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथल्याच मातीत जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या संमतीने नेमलेला असे. त्याला हुनरमन म्हणत. मसूदीने जी माणसं पाहिली, त्यांच्या घरातले रांजण असेच असणार.

(दृश्य: पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी असलेला तुकडा, अगदी जवळून.)

आणि हा दुसरा. कड पांढरीशुभ्र, टणक. बोटाने टिचकी मारली तर किणकिणते. चिनी मातीची वाटी. बुडाची गोल कड अजून शाबूत आहे आणि तिला भट्टीतल्या वाळूचे कण चिकटलेत. या निळ्या रंगाची गोष्ट तर विलक्षण आहे. तो कोबाल्टपासून करतात आणि चौदाव्या-पंधराव्या शतकात चिनी कारागिरांना लागणारा उत्तम कोबाल्ट इराणकडून जायचा. म्हणजे रंग पश्चिमेकडून पूर्वेला गेला, वाटीवर चढला आणि वाटी होऊन पुन्हा पश्चिमेला निघाला. त्या येण्याजाण्याच्या वाटेवर आपलं हे कोकणातलं बंदर होतं.

सगळाच व्यापार असा मातीत उरत नाही. इथून जाणारं कापड कुजून गेलं. होर्मुझहून गलबतांत घालून आणलेले घोडे घाट चढून गेले. १४६९च्या सुमारास त्वेर शहरातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, तोही एक घोडा घेऊन. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि निकितिनला तो परत मिळवायला फार यातायात करावी लागली. हे त्याने लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. खापराचं तसं नाही. ते फुटतं, पण कुजत नाही.

(दृश्य: रेवदंड्याचा तट, सातखणी मनोरा, पलीकडे कोर्लईचा किल्ला.)

पोर्तुगीजांना इथे पक्कं बांधकाम करायला परवानगी मिळाली १५२१मध्ये. मग वरचं चौल निजामशाहीचं आणि खाडीच्या तोंडाशी रेवदंडा त्यांचा, अशी दोन शहरं शेजारी-शेजारी नांदली. भांडलीही. १७४०मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. पण तोवर कुंडलिकेची खाडी गाळाने भरत चालली होती आणि व्यापार मुंबईकडे वळत होता.

पर्यटक येतात ते तटासाठी, मनोऱ्यासाठी. तट बघावाच. मात्र तट सांगतो सत्ता कोणाची होती ते. घरात कोण कशात जेवत होतं, रांजणात काय साठवत होतं, हे या बोटभर तुकड्यांकडे आहे. म्हणून कळकळीने सांगतो, खापर दिसलं तर खिशात घालू नका. ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, यावरूनच त्याचा काळ ठरतो. घरी नेऊन कपाटात ठेवलं, की तो उरतो फक्त एक निळा तुकडा.

(दृश्य: पावसाची पहिली सर. वाडीचा बांध.)

मृगाचा पाऊस झाला की बांधाची माती थोडी वाहते. परवाच्या सरीनंतर याच बांधात, माडाच्या मुळांना घट्ट धरून, एक मोरपिशी काठ वर आलाय.