‘गॅस संपला’ असे म्हणण्याआधी

(वाशी येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो, सभागृहाच्या उजव्या कोपऱ्यात, एसीच्या बरोबर खाली ठेवलेली निळी बादली आपणा सर्वांना दिसते आहेच. मी आल्यापासून तिच्यात टप टप पाणी पडते आहे आणि संयोजकांनी त्याबद्दल माझी दोनदा क्षमा मागितली. क्षमा मागण्यासारखे त्यात काही नाही. आजच्या विषयासाठी याहून चांगले साहित्य मला घरून आणता आले नसते.

माझी नोकरी तुर्भ्याच्या एका शीतगृहात, अमोनियाच्या मोठ्या यंत्रांवर झाली. घरगुती एसी ही त्या यंत्रांची धाकटी भावंडे. आकार लहान, गॅस वेगळा, पण तत्त्व एकच: यंत्र थंडी तयार करीत नाही, ते खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आत एक कॉइल, म्हणजे नळ्यांचे वेटोळे, उष्णता शोषून घेते, बाहेर दुसरी कॉइल ती सोडून देते आणि या दोन्हींमधून तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरत राहतो. ‘तोच’ हा शब्द आपण लक्षात ठेवावा, कारण आजचे माझे बहुतेक म्हणणे त्या एका शब्दात आहे.

आधी बादलीकडे येऊ. 1902 साली अमेरिकेतल्या ब्रुकलिनमध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. तिथल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता आणि एकावर एक छापायचे रंग जागचे हलत होते, म्हणून हवेतला ओलावा काढायचा होता. आपल्याकडे खाडीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मे महिन्याच्या अखेरीस वाशीत किंवा ठाण्यात अंगाची जी काहिली होते, ती नुसत्या तापमानाने होत नाही, घाम वाळत नाही म्हणून होते. हवेतल्या वाफेचे एक लिटर पाणी करायला यंत्राला सुमारे 0.68 युनिट (विजेच्या मीटरवरचेच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) इतकी उष्णता उचलावी लागते. दीड टनाचा एसी तासाला साधारण 5.25 युनिट उष्णता हलवतो, म्हणजे पावसाळी दमट हवेत तासाला दीड-दोन लिटर पाणी पडत असेल, तर यंत्राची पाचव्या ते चौथ्या हिश्शाची ताकद केवळ पाणी काढण्यात जाते. (टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, त्या हिशेबाचे ते जुने माप आहे.) त्यामुळे जूनमध्ये ‘एसी पूर्वीसारखा गार करीत नाही’ ही तक्रार घेऊन कुणाला बोलावण्यापूर्वी ड्रेन पाइपखाली बादली लावावी आणि तासाभरात किती पाणी साठते ते पाहावे. भरपूर पाणी पडत असेल तर यंत्र आपले काम इमानाने करीत आहे. दारे-खिडक्या नीट लागतात का ते तपासावे. दमट दिवसात थेंबही पडत नसेल, तर एक तर पाइप तुंबला आहे किंवा कॉइल थंडच होत नाही.

या सभागृहातले पाणी खोलीत पडते आहे, त्याचे कारण मात्र अगदी साधे असावे. आतल्या कॉइलखाली एक तबक असते, त्यात धूळ आणि ओल एकत्र येऊन शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साठतो आणि पाइपाचे तोंड बंद करतो. कधी पाइपाला उतार नसतो, कधी मधेच तो वर उचललेला असतो. एकदा ऐरोलीत एका घरी पाइपाचे टोक बाहेरच्या बादलीत पार तळाला टेकलेले पाहिले. बादली भरली, टोक पाण्यात बुडाले, हवा अडकली आणि पाणी उलटे भिंतीवरून खाली उतरले. यजमानांनी त्या भिंतीला वॉटरप्रूफिंग करून घेतले होते, तेही दोनदा.

हवेच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे आपण सगळे जाणता आणि करीत नाही. इनडोअर युनिटचे झाकण उचलून जाळीचे फिल्टर काढावेत आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरावेत. पलीकडचे झाड दिसत नसेल तर हवा तरी कशी जाईल? वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी ते नळाखाली धुवावेत, पाण्याची धार मागच्या बाजूने सोडावी म्हणजे धूळ आत न रुतता बाहेर पडते, आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवावेत. घोडबंदर रस्त्यालगत, जिथे वर्षानुवर्षे काही ना काही बांधकाम चालूच आहे, तिथे पंधरा दिवससुद्धा जास्त होतात. फिल्टरच्या मागचा लांब नळीसारखा ब्लोअर, म्हणजे खोलीत हवा ढकलणारा पंखा, मात्र घरी साफ होत नाही. त्याच्या पात्यांवर काळी बुरशी धरते, हवा निम्मी येते आणि एसी सुरू करताच ओल्या पायपुसण्याचा वास येतो. त्यासाठी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, पाण्याच्या प्रेशरची सर्व्हिस करून घ्यावी. ॲसिड किंवा तीव्र रसायन वापरू देऊ नये, कारण कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्या कागदाइतक्या पातळ असतात आणि त्या खाल्ल्या जातात.

आउटडोअर युनिटची गत याहून वाईट, कारण ते कुणाच्याच डोळ्यांसमोर नसते. त्याला उष्णता टाकायची आहे, म्हणजे मोकळी हवा हवी. आपण काय करतो? नव्या उंच इमारतींत ते अरुंद डक्टमध्ये बसवलेले असते, तिथे खालच्या मजल्यांची गरम हवा वर येते आणि वरच्याच्या वाट्याला तीच पुन्हा येते. काही जण पावसाळ्यात त्याला प्लास्टिक गुंडाळतात आणि तसाच एसी चालू करतात. आणि कबुतरे! कोपरखैरणेत आमच्या शेजाऱ्यांच्या युनिटमागे मी स्वतः हात घातला, तेव्हा काड्या, तारेचे तुकडे, पिसे आणि विष्ठेचा बोटभर थर निघाला. तो काढून कॉइल धुतल्यावर ज्या एसीला ‘आता नवाच घ्या’ असे सांगण्यात आले होते, तो त्याच संध्याकाळपासून पुन्हा गार करू लागला.

आता मुख्य मुद्दा. ‘साहेब, गॅस संपला आहे, भरावा लागेल.’ हे वाक्य ऐकले नाही असा एसीधारक या सभागृहात नसावा. दरवर्षी मार्चमध्ये सर्व्हिस म्हणजे गॅस भरणे, अशीच बहुतेकांची समजूत झाली आहे. पण एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून जात नाही, मोटारीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस दहा-पंधरा वर्षे फिरावा अशीच त्याची रचना आहे. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळला आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे तळाला भोक असलेल्या हंड्यात दरवर्षी पाणी ओतणे.

शीतगृहात आमचे हे काम सोपे होते. अमोनिया जराही सुटला तरी नाक झोंबायचे. नेमकी जागा शोधायला आम्ही पेटती गंधकाची कांडी नळीजवळून फिरवायचो, अमोनिया असेल तिथे पांढरा धूर उठायचा. घरच्या एसीतले आर-22, आर-410ए किंवा हल्ली बहुतेक नव्या यंत्रांत असणारा आर-32 हे गॅस मात्र नाकाला कळत नाहीत. म्हणूनच ‘गेला’ म्हटले की आपण मान डोलावतो. तीस वर्षे गॅसशी खेळलेल्या माणसानेही, म्हणजे मी, आपल्याच घरी सलग तीन वर्षे अशी मान डोलावली. चौथ्या मार्चमध्ये मला स्वतःची लाज वाटली. इनडोअर युनिटखाली नळ्यांचा जोड असतो, त्यावरची पांढरी टेप आणि काळा फोम मी सोडवला. आतला फोम तेलकट होता आणि त्याला धुळीचा चिखल चिकटला होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचे, थोडे तेलही फिरत असते, त्यामुळे जोडावरचा तेलकट डाग ही गळतीची पहिली खूण. वाटीत साबणाचा फेस करून ब्रशने नटावर लावला आणि वाट पाहिली. मिनिटभराने नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला. पितळी नट कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळला होता आणि आतल्या तांब्याच्या नळीच्या फुलवलेल्या तोंडाला केसाएवढी चीर गेली होती. तोंड कापून नवे केले, नायट्रोजन भरून दाब तासभर टिकतो का ते पाहिले, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या केल्या आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून ठरलेला गॅस भरला. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्या एसीत एक ग्रॅमही भरावा लागला नाही.

त्या कामाचा हा क्रम आपण पाठ करून ठेवावा. किती गॅस हवा हे आउटडोअर युनिटच्या पट्टीवर गॅसच्या नावासह ग्रॅममध्ये छापलेले असते. आर-32च्या दीड टनी एसीत तो अनेकदा एक किलोच्या आतच असतो. ‘अंदाजाने भरला’ हे उत्तर आपण चालवून घेऊ नये. व्हॅक्यूम पंपाऐवजी थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देण्याची सवय काहींना असते; तसे केल्याने ओलावा आत राहतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. दाब तपासायला नायट्रोजनच हवा, ऑक्सिजन कधीही नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. आर-32 तर थोडा ज्वलनशीलही आहे, त्यामुळे त्याच्याजवळ काडी किंवा उदबत्तीसुद्धा नको.

यात आपल्या गावाचा म्हणून एक वेगळा भाग आहे. खाडीचा चिखल, धारण तलाव आणि उघडे नाले यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. ओहोटीच्या वेळी कुजलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. तो तांब्याला काळे पाडतो आणि हळूहळू पोखरतो. अशी गळती एका जागी नसते, कॉइलभर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे पडतात आणि ती बुजवता येत नाहीत, कॉइलच बदलावी लागते. आपल्या घरी हा धोका किती आहे हे ओळखण्याची एक घरगुती रीत सांगतो. देवघरातली चांदीची निरांजने दिवाळीला लख्ख केल्यावर संक्रांतीपर्यंतच काळवंडत असतील, तर तीच हवा आपल्या एसीच्या तांब्यालाही लागते आहे. अशा घरी नवा एसी घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षांची, हे स्टारच्या खुणा मोजण्याआधी विचारावे.

बर्फाविषयी बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आतल्या कॉइलवर बर्फ साचला की लोकांना वाटते यंत्र फारच छान गार करते आहे. गॅस कमी झाला की उरलेल्या गॅसचा दाब घसरतो आणि कॉइलच्या सुरुवातीच्या भागाचे तापमान शून्याखाली जाते, तिथे बर्फ धरतो. पण फिल्टर तुंबून हवा पोहोचली नाही तरी बर्फच धरतो, आणि तो बहुधा कॉइलभर पसरलेला असतो. म्हणून बर्फ दिसताच थंड करणे बंद करून दोन-तीन तास एसीचा नुसता पंखा चालवावा, फिल्टर धुवावा आणि पुन्हा पाहावे. सुरीने बर्फ खरवडणाऱ्या एका गृहस्थांनी धडधाकट कॉइलला भोक पाडून घेतल्याचे मी पाहिले आहे.

विजेच्या बाजूचे फारसे काही घरी करण्यासारखे नाही. रिमोट ‘फॅन’वर तर गेला नाही ना, एवढे मात्र आधी पाहावे, निम्म्या तक्रारी नातवंडांच्या हातून सुरू होतात. एसी बंद करून लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे मुद्दाम थांबतो, तो बिघाड नव्हे. बाहेरून नुसता घूं असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर किंवा पंखा फिरत नाही, तेव्हा जुन्या पद्धतीच्या एसीत बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, गेलेला असतो. भाग स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो, त्यामुळे त्याला हात लावू नये. एसी तासभर चालल्यावर प्लगला हाताच्या पाठीने स्पर्श करावा. तो तापलेला असेल किंवा सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडले असेल, तर जोड सैल आहे, आणि एसीवाल्याच्या आधी वायरमनला बोलावण्याची गरज आहे.

शेवटी एक गोष्ट, जी यंत्राबद्दल नाही. खारट हवेत आउटडोअर युनिटचे लोखंडी स्टँड आणि भिंतीतले बोल्ट आतून गंजतात; वरून रंग शाबूत दिसतो. दर पावसाळ्यानंतर त्यावर नजर टाकावी, रंगाला फुगा आला असेल तर स्टँड बदलावा, आणि नवा घेताना जस्ताचा जाड मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. तीस-पस्तीस किलोचे युनिट चौथ्या मजल्यावरून खाली कुणाच्या डोक्यावर येऊ शकते याचा विचार करून पाचशे रुपयांची घासाघीस सोडावी. आणि ते पाहायला किंवा धुवायला जो मुलगा खिडकीतून छज्ज्यावर उतरतो, त्याच्या कमरेला पट्टा आहे का, हे आपण खिडकीत उभे राहून पाहावे. नसेल तर त्याला घरात बोलवावे, चहा द्यावा आणि पट्टा घेऊन उद्या यायला सांगावे. एक रात्र पंख्याखाली काढता येते.