वहीची मागची पानं

(दृश्य: गोव्यातलं साखळी. पावसाळी सकाळ. वाळवंटी नदीचं गढूळ पाणी.)

साखळीच्या बाजारात जो भेटतो तो या मुलीला एकच विचारतो, "बाय, आता बरी ना गो?" ती मान हलवते. वय २४. शेवटची केमो होऊन दीड वर्ष झालं, केस परत आले, कॉलेज सुरू झालं. पण मुंबईला, परळच्या कॅन्सर रुग्णालयात तपासणीला जायचं म्हटलं की आठवडाभर आधीपासून झोप उडते. हे सांगायचं कुणाला? उपचारांच्या दिवसांत आईने गळ्यातलं गहाण टाकलं होतं. तिच्यापुढे "भीती वाटते" म्हणणं हिच्या जिवावर येतं.

म्हणून ती लिहिते. शाळेच्या जुन्या वहीत, मागच्या पानापासून.

(दृश्य: खिडकीतला उजेड. फक्त हात आणि पेन. अक्षरं दिसू नयेत.)

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना मनात सलणारं दुःख लिहायला सांगितलं. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. लिहून उठल्यावर मुलं उलट उदास झाली. पण काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

पुढे कॅन्सर झालेल्यांनीही असं लिहून पाहिलं. काहींना आधार मिळाला, काहींना फारसा फरक जाणवला नाही. लिहिण्याने आजार जात नाही. एखादी आठवण पेलवत नसेल, तर त्या दिवशी ती लिहू नये. आणि जीवच नकोसा होत असेल, तर वहीवर विसंबू नये. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, मनाच्या आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

हिच्या वहीत बरंच काही आहे. ठरता ठरता राहिलेलं लग्न. शेजारच्या खाटेवरची, पुन्हा न दिसलेली मुलगी. आपणच का वाचलो, हा प्रश्न. कॅन्सरमधून वाचलेल्या अशा मुलांना आपण सारखं शूर म्हणतो. वहीत मात्र रडूनही चालतं, याचं मोल आम्हाला चित्रीकरण करताना कळलं.

एक ओळ तिने तीनदा लिहून खोडली होती. चौथ्यांदा ती तशीच राहू दिली.

(दृश्य: थिवी स्थानक, संध्याकाळ. मुंबईला जाणारी कोकणकन्या फलाटाला लागते.)

बॅगेत रिपोर्टांची फाईल आहे. तिच्यात घडी घातलेला एक कागद, वहीतून फाडलेला. डॉक्टरांना विचारायचंय: "मला मूल होऊ शकेल का?"