स्प्रॉकेट: वजन कुठे घटवावं आणि कुठे नाही

स्प्रॉकेट म्हणजे मोटरसायकलची चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र; पुढचं गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतं, मागचं मागच्या चाकावर. ते बदलायची वेळ आली की बहुतेकांना दोन गोष्टी एकदम हव्या असतात. नवं स्प्रॉकेट हलकं हवं आणि जुन्यापेक्षा जास्त टिकायलाही हवं. शर्यतीच्या गाडीला ही अडचण नसते, कारण तिथे स्प्रॉकेट झिजायच्या आधीच काढून टाकतात. रस्त्यावरच्या गाडीवर मात्र ते धुळीतून, पावसातून हजारो किलोमीटर जायचं असतं, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा कोरड्या चेनवर. म्हणून वजन घटवायचंच असेल तर ते नेमकं कुठे घटवायचं, हे आधी ठरवायला हवं.

आधी चेनचा नंबर वाचायला शिकू, कारण त्यावरच बाकीचं सगळं अवलंबून आहे. ४२८, ५२०, ५२५, ५३० हे आकडे चेनच्या बाहेरच्या पट्टीवर कोरलेले असतात. पहिला अंक म्हणजे पिच, म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. ४ म्हणजे १२.७ मिमी, ५ म्हणजे १५.८७५ मिमी. उरलेले दोन अंक आतल्या रुंदीचे. ५२० ची आतली रुंदी ६.३५ मिमी, ५२५ ची ७.९४ आणि ५३० ची ९.५३. या तिन्हींची पिच एकच असल्यामुळे ५२० चं स्प्रॉकेट ५२५ च्या चेनमध्ये बसल्यासारखं वाटतं, फिरतंही. पण ते आत डुगडुगतं आणि चेन बाजूला सरकत राहते. उलट ५२५ चं स्प्रॉकेट ५२० च्या चेनमध्ये शिरणारच नाही. पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन, तिघांचा नंबर एकच हवा.

आता धातू. पुढच्या स्प्रॉकेटबद्दल फार चर्चा नको. ते पोलादाचंच घ्या, पृष्ठभागाला पाणी दिलेलं, म्हणजे वरून कडक आणि आतून चिवट. कारण साधं आहे. पुढे १५ आणि मागे ४५ दात असतील, तर मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. पुढच्या प्रत्येक दातावर चेनचा रोलर, म्हणजे पिनेभोवती फिरणारी छोटी नळी, तिप्पट वेळा आदळतो. शिवाय ते इतकं लहान असतं की त्यातून वाचणारं वजन काही ग्रॅमच. रस्त्यावरच्या गाडीला पुढे अॅल्युमिनियम लावण्यात मला कुठलाच शहाणपणा दिसत नाही.

मागचं स्प्रॉकेट हा खरा निवडीचा विषय. इथे तीन पर्याय आहेत: पोलाद, अॅल्युमिनियम आणि दोन्हींचं जोडकाम.

चांगलं पोलादी स्प्रॉकेट बहुधा मध्यम कार्बनच्या पोलादाचं असतं, साधारण ०.४५ टक्के कार्बनचं, आणि त्याच्या दातांना इंडक्शनने, म्हणजे विजेच्या कॉइलने, तापवून पाणी दिलेलं असतं. असे दात रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५० च्या आसपास किंवा वर जातात. अॅल्युमिनियममध्ये विचार करण्याजोगा मिश्रधातू एकच, ७०७५-टी६. अॅल्युमिनियमचा दात तुटतो म्हणून ते वाईट, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. ७०७५-टी६ ची ताणशक्ती सुमारे ५७० मेगापास्कल, म्हणजे पाणी न दिलेल्या साध्या कार्बन पोलादाच्या जवळपास. उणीव आहे ती कडकपणात. ब्रिनेल या कडकपणाच्या दुसऱ्या मापावर ते सुमारे १५० भरतं, आणि पाणी दिलेला पोलादी दात त्याच्या तिपटीच्याही वर. दात तुटत नाही, घासला जातो. ६०६१-टी६ तर आणखी मऊ, सुमारे ९५ ब्रिनेल आणि ३१० मेगापास्कल. मिश्रधातूचा आकडा न छापता नुसतं 'विमानाच्या दर्जाचं अॅल्युमिनियम' लिहिलेलं असेल, तर ते बाजूला ठेवा.

मग त्यावरच्या अॅनोडायझिंगचं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने अॅल्युमिनियमवर चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचं, काय? सोनेरी, लाल, निळा रंग दिसायला झकास असतो, पण तो थर बहुधा शोभेचा. हार्ड अॅनोडायझिंग वेगळं. त्याचा थर २५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि रंग साधारण करडा किंवा काळपट येतो. तो थर खरोखर कडक असतो, पण ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. जिथे रोलर बसतो तिथला थर एकदा गेला की खाली पुन्हा मऊ धातूच. चेनच्या तेलात धूळ मिसळली की तयार होतो तो घासकामाचा मसालाच, आणि त्यापुढे हा थर फार काळ टिकत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे बाहेरची दातांची कडी पोलादाची आणि आतली तबकडी अॅल्युमिनियमची, दोन्ही रिव्हेटने किंवा बोल्टने जोडलेले. झीज होते ती बाहेर, तिथे पोलाद. वजनाचा मोठा भाग आत, तिथे हलका धातू. रस्त्यासाठी वजन घटवायचंच असेल तर मी याच्याच बाजूने आहे. त्याची दुखरी जागा म्हणजे जोड. दर वेळी चेन साफ करताना रिव्हेटवर बोट ठेवा आणि कडी हाताने हलवून पाहा. बारीकशी कुरकुर, रिव्हेटभोवती काळी भुकटी किंवा रिंगण दिसलं तर ते स्प्रॉकेट संपलं. रिव्हेट पुन्हा ठोकून गाडी चालवू नये.

वजन वाचवण्याचा हिशेब नीट मांडून पाहू, कारण इथे फार फुगवून बोललं जातं. पोलादाची घनता ७.८५, ७०७५ ची सुमारे २.८. आकार तोच ठेवला तर वजन ३६ टक्क्यांवर येतं. समजा पोलादी स्प्रॉकेट १.१ किलोचं आहे, अॅल्युमिनियमचं ०.४ किलो होईल आणि ७०० ग्रॅम वाचतील. 'फिरणारं वजन आहे, त्यामुळे फायदा दुप्पट' असं लगेच सांगितलं जातं. दुप्पट फायदा होतो तो टायरच्या पृष्ठभागावरच्या वजनाचा. स्प्रॉकेटचं वजन धुऱ्याच्या जवळ असतं, सरासरी ८५-९० मिमीवर. टायरची त्रिज्या ३०० मिमीच्या आसपास. या दोन्हींच्या गुणोत्तराचा वर्ग घेतला तर फिरण्यामुळे मिळणारा जादा फायदा दहा टक्क्यांच्या आतच भरतो. म्हणजे वेग घेताना ते ७०० ग्रॅम सुमारे ७६० ग्रॅमइतके वागतील, एक लिटर पेट्रोलएवढे. खरा फायदा दुसरीकडे आहे: हे वजन शॉकअॅब्सॉर्बरच्या खालचं आहे, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला किंचित जास्त धरून राहतं. किंचितच.

पोलादी स्प्रॉकेटमध्येही मध्ये कापे आणि भोकं पाडून वजन घटवलेलं असतं आणि रस्त्यासाठी ते बऱ्याचदा पुरेसं ठरतं. फक्त त्या काप्यांचे कोपरे पाहा. गोलाईदार आणि कडा मारलेले हवेत. टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. म्हणूनच घरी ड्रिल घेऊन स्प्रॉकेट 'हलकं' करायच्या भानगडीत पडू नये.

दुकानात करता येण्याजोगी एक परीक्षा म्हणजे बारीक कानस. दुकानदाराला विचारून दाताच्या बाजूला, रोलर जिथे टेकत नाही अशा जागी, एकदाच हलकेच फिरवा. पाणी दिलेल्या दातावरून कानस काचेवरून सरकावी तशी निसटते. ती धरत असेल, चकचकीत ओरखडा उठून बारीक कीस पडत असेल, तर दात मऊ आहे. जोडकामाचं स्प्रॉकेट ओळखायला चुंबक पुरतो: कडीला चिकटला पाहिजे आणि आतल्या तबकडीला नाही.

आता दातांची संख्या. इथे टिकाऊपणा फुकट मिळतो, आणि नेमकं याकडेच दुर्लक्ष होतं. १४/४२, १५/४५ आणि १६/४८ (पुढचे/मागचे दात), तिन्हींचं गुणोत्तर ३. गाडीचा वेग, ओढ सगळं सारखं. पण लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त तीव्र वळावं लागतं आणि तेवढीच ओढ देण्यासाठी चेनवरचा ताणही वाढतो, १५ वरून १४ वर आलात तर सुमारे ७ टक्के. शिवाय स्प्रॉकेट हे खरं वर्तुळ नसून बहुकोन असतो, त्यामुळे चेनचा वेग दर दाताला कमीजास्त होतो. १५ दातांवर हा चढउतार सुमारे २.२ टक्के, १३ वर २.९, आणि ११ वर ४ टक्के. तो धक्का चेन आणि दात दोन्ही सोसतात. वजनासाठी लहान जोडी निवडणं म्हणजे वाचवलेले ग्रॅम झिजेत फेडणं.

आणखी एक बारकावा. चेनच्या कड्यांची संख्या नेहमी सम असते. ११२ कड्यांच्या चेनला पुढे १६ दात लावले तर ११२ ला १६ ने पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक दाताला आयुष्यभर तेच सात रोलर भेटतात. त्यातला एक रोलर खराब असला की तोच दात मार खात राहतो. तिथे १५ दात लावले तर प्रत्येक दात पाळीपाळीने ११२ रोलरना भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. म्हणून शक्य असेल तेव्हा विषम संख्या, आणि कड्यांशी सामाईक भाजक नसलेली.

गुणोत्तर बदलायचंच असेल तर लक्षात ठेवा, ३ च्या आसपासच्या गुणोत्तरात पुढचा एक दात म्हणजे मागचे सुमारे तीन. मागे एक दात वाढवला की धुरा साधारण ४ मिमी पुढे घ्यावा लागतो. त्यामुळे चेन अॅडजस्टरमध्ये तेवढी जागा आहे का, ते आधी मोजा. पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला घासू लागते आणि ती पट्टी कापली जाते. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर स्पीडोमीटरही चुकू लागतो. तो पुढच्या चाकावर असेल तर काही फरक पडत नाही.

बसवताना होणाऱ्या चुकांनी चांगलं स्प्रॉकेटही वाया जातं. पुढचा मोठा नट चेन कापण्याआधी सैल करा: लॉक वॉशरची वाकवलेली कड सरळ करायची, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि मग पाना लावायचा. चेन काढल्यावर शाफ्ट धरायला काहीच उरत नाही. जुनं स्प्रॉकेट निघालं की शाफ्टच्या खाचा पुसून पाहा. तिथे लाल भुकटी असेल तर स्प्रॉकेट शाफ्टवर हलत होतं असं समजा. नवं चढवून हाताने फिरवा. जाणवण्याइतका खुळखुळाट असेल तर दोष शाफ्टचा आहे, नव्या स्प्रॉकेटने तो जाणार नाही. पुढच्या स्प्रॉकेटला बहुधा एक बाजू उंच असते किंवा तिथे रबर असतं. ते उलटं बसलं की दातांची रेषा काही मिलिमीटरने सरकते. खूण लगेच दिसते: दातांच्या एकाच बाजूला घासून चकाकी येते.

मागचं स्प्रॉकेट मधल्या भोकावर नेमकं बसलं पाहिजे, बोल्टच्या भरवशावर नाही. बोल्टची भोकं जुळली पण मधलं भोक सैल असेल तर ते स्प्रॉकेट तुमच्या चाकाच्या हबचं, म्हणजे मधल्या भागाचं, नाही. सेल्फ-लॉकिंग नट नवे घ्या, आमनेसामने क्रमाने आवळा, आणि टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच ठेवा. नायलॉनच्या कड्याबाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. अॅल्युमिनियमची तबकडी मूळ पोलादी स्प्रॉकेटपेक्षा जाड असली तर नेमके तेच दिसत नाहीत. हबमधले कपलिंग रबर, म्हणजे चेनचे धक्के शोषणारे रबरी तुकडे, याच वेळी दाबून पाहा. ते सैल झाले असतील तर प्रत्येक थ्रॉटलला दातावर हातोडा बसल्यासारखा धक्का बसतो. बसवल्यावर चाक फिरवून डायल गेजने स्प्रॉकेटचं डोलणं मोजा; ०.५ मिमीच्या वर गेलं तर तबकडी वाकडी आहे किंवा खाली कचरा अडकला आहे.

रेषा जुळवताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, त्या बऱ्याचदा किंचित चुकतात. स्विंगआर्मच्या पिव्हटपासून धुऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. चेनची ढिलाई सगळ्यात ताठ जागी तपासा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिमी लागते, पण स्टिकरवर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. ताठ चेन सैल चेनपेक्षा जास्त नुकसान करते, गिअरबॉक्सच्या बेअरिंगसकट.

जुनी चेन आणि नवं स्प्रॉकेट, किंवा उलट, ही काटकसर अंगाशी येते. चेन ताणली जाते म्हणतात, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुशा झिजून पिच वाढते. ५२० च्या २० कड्या नव्या असताना ३१७.५ मिमी भरतात. त्याच ३२१ च्या आसपास भरल्या म्हणजे एक टक्का वाढ झाली, आणि तिथून नवीन सेटची तयारी सुरू करावी. अंतिम मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. वाढलेल्या पिचचा रोलर दातांमधल्या खोबणीच्या तळाशी न बसता दाताच्या अंगावर चढतो आणि दात एका बाजूने कुरतडला जाऊन आकड्यासारखा वाकतो. त्या आकड्यांवर नवी चेन चढवली की तिचे रोलर प्रत्येक दाताला अडकून सुटतात आणि चेन वेळेआधीच म्हातारी होते. अॅल्युमिनियमचं स्प्रॉकेट घेणाऱ्याने तर एका चेनमागे एकापेक्षा जास्त स्प्रॉकेट लागेल असं धरूनच चालावं, आणि तसं लागायच्या आधी चेन मोजावी.

मोजपट्टी जवळ नसली तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून सरळ मागे ओढा. ती दातांना चिकटून राहिली तर ठीक. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर तिन्ही भाग एकदम बदला.