करंटवरचं चेन सॉ: ब्रेक काढू नका, टोक सांभाळा

नमस्कार मंडळी. मागं लेथ चालू आहे, तेवढा आवाज सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात तासगाव भागात वळीव झाला आणि माझा फोन वाजायला लागला. कुणाच्या गोठ्यावर लिंबाची फांदी पडलीय, कुणाची बांधावरची बाभळ रस्त्यात आडवी झालीय. आणि यंदा बऱ्याच जणांनी ऑनलाइन करंटवरचं चेन सॉ मागवलंय. त्यामुळं कमेंटमध्ये दोनच प्रश्न फिरतायत. एक, "दादा, नवीन मशीन आहे, बटण दाबतोय, चालतच नाही." दुसरा वाचला आणि मी सगळी कामं बाजूला ठेवून हा व्हिडिओ करायला बसलो. "दादा, कापता कापता चेन आपोआप थांबतीय, तो ब्रेक काढून टाकायचा कसा?"

काढायचा नाही. आज त्याचंच बोलायचंय.

आधी साधं उरकतो. पायात बूट. डोळ्याला पांढरा गॉगल, उन्हाचा काळा नको. गळ्यातला टॉवेल काढून ठेवा. लुंगी नको, सैल बाह्या नकोत. पोरं आणि जनावरं लांब. पावसात, दवानं भिजलेल्या गवतात करंटचं मशीन चालवायचं नाही. रात्रपाळीची लाइट आलीय म्हणून बॅटरीच्या उजेडात लाकूड फोडायला बसायचं नाही, पंपाची गोष्ट वेगळी आणि ह्याची वेगळी. आणि मी पडलेल्या लाकडाबद्दलच बोलणार आहे. उभं झाड पाडणं नवख्याचं काम नाही, शिवाय आपल्याकडं वृक्षतोडीचा कायदा १९६४ पासून आहे. बांध आपला म्हणून झाड मनाला येईल तसं पाडता येत नाही, आधी परवानगीचं विचारून घ्या.

तेल. करंटच्या मशीनलाही चेनला तेल लागतं. टाकी वेगळी असते, त्यात चेनचं तेल घाला. गाडीतनं काढलेलं काळं तेल नको, त्यात लोखंडाचा कीस असतो. तेल येतंय का बघायला पट्टीचं, म्हणजे जिच्या कडेनं चेन फिरते त्या लांब लोखंडी पात्याचं, टोक कागदासमोर, न टेकवता, चार सेकंद चालवा. कागदावर तेलाची रेघ उठली पाहिजे. झालं.

आता वायर. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं इथं जरा थांबणार. १६ इंची पट्टीचं मशीन साधारण २००० ते २४०० वॅटचं असतं. २२०० धरा, २३० व्होल्टला साडेनऊ अँपिअर झाले. हे ६ अँपिअरच्या सॉकेटचं काम नाही, १६ चा पॉवर पॉइंट पाहिजे. आणि लोक काय करतात? मांडवाच्या बल्बाची वायर जोडून जोडून पार विहिरीपर्यंत नेतात. बारीक आणि लांब वायरीत व्होल्टेज गळतं. मशीनला दम येत नाही, म्हणून माणूस वरनं रेटतो. रेटलं की करंट वाढतो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरीच्या आतला फिरणारा तारांचा भाग, काळं पडतं. हे टेबलावर दोन पडलेत बघा. हे जवळ घेतलं तर जळक्या वॉर्निशचा वास अजून येतो. ह्या मशीनमध्ये दोष काहीच नव्हता. वीस मीटरपर्यंत दीड एमएमची तांब्याची वायर, त्याच्यापुढं अडीचची. आणि गुंडाळी पूर्ण उलगडून टाका, गुंडाळीत वायर तापते.

शेतात मोटरीच्या पेटीतनं दोन टोकं खोचून लाइट घेणारेही आहेत. चुकून दोन फेज लागले तर ४०० व्होल्टच्या आसपास हातात येतं. मशीन जाईल ते जाईल, तुमचं काय? तसंच ह्या मशीनला दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतं. प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे, म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन. पण तुम्ही चेननं वायरच कापली तर ते इन्सुलेशन काय करणार? म्हणून बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, हवाच. आणि वायर कायम पाठीमागनं, उजव्या खांद्यावरनं घ्यायची. पायात घोटाळणारी वायर आणि फिरती चेन एका जागी येऊ द्यायची नाही.

हां, आता मुद्द्यावर.

कवठेमहांकाळकडचे एक काका गेल्या महिन्यात मशीन घेऊन आले. म्हणाले, "ब्रेक खराब आहे, दिवसातनं तीनदा आपोआप लागला. काढून टाका आणि पैसे सांगा." मी मशीन उघडलंच नाही. आधी पट्टी बघितली. हीच ती, जवळ आणून दाखवतो. पट्टीचा काळा रंग सगळीकडं शाबूत आहे. फक्त टोकाला, वरच्या बाजूला, एवढ्याच तुकड्यात रंग उडून लोखंड चकचकीत झालंय. मी विचारलं, "काका, द्राक्षाची जुनी खोडं कापताय का? ढिगातनं?" म्हणाले, "होय, बाग काढलीय." मग त्यांना समजावून सांगितलं की ब्रेक तीनदा लागला म्हणजे तीनदा ही पट्टी तुमच्या तोंडाकडं निघाली होती. काका बाकड्यावर बसले, पाणी मागितलं.

हे का होतं ते नीट बघा. पट्टीचं टोक गोल आहे. ते घड्याळ समजा. पट्टी अशी उजवीकडं तोंड करून धरली की बारा ते तीन वाजेपर्यंतचा जो भाग येतो, त्याला लाकूड लागू द्यायचं नाही. चेन वरच्या बाजूनं पुढं जाते, टोकाला वळसा घालते आणि खालनं परत तुमच्याकडं येते. खालच्या बाजूनं कापताना दात लाकूड ओढतो, मशीन लाकडाला बिलगतं, ते बरं असतं. पण टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की दात तिथं अडतो. चेनला पुढं जाता येत नाही आणि मोटर तर फिरतेच आहे. मग ती सगळी ताकद उलटी फिरते आणि पट्टीच मागं येते, मागं आणि वर. तुमच्या खांद्याकडं, मानेकडं. ह्यालाच किक म्हणतात. बऱ्याच मशीनची चेन सेकंदाला दहा-बारा मीटर पळते. पापणी लवायच्या आत सगळं होऊन जातं. "मी सावध असतो" म्हणणाऱ्यालाही तेवढा वेळ मिळत नाही.

म्हणून ही पुढची ढाल आहे. किक आली की डाव्या हाताचं मनगट हिच्यावर आपटतं, किंवा झटक्यानं ती स्वतःच पुढं पडते, आणि चेन जागच्या जागी थांबते. ढाल पुढं म्हणजे ब्रेक लागला. ढाल आपल्याकडं ओढली की सुटला. ऐका, असा 'कट्' आवाज येतो. ज्यांचं नवीन मशीन चालत नाही त्यांनी आधी हे करून बघा. खोक्यातनं येताना बऱ्याचदा ब्रेक लागलेला असतो. मशीन परत पाठवायची गरज नाही. आणि रोज काम सुरू करण्याआधी चेन फिरवून मनगटानं ढाल पुढं ढकला. चेन तिथल्या तिथं थांबली नाही तर त्या दिवशी मशीन वापरू नका, दुरुस्तीला द्या.

एकानं लिहिलंय, "दादा, आम्ही दहा वर्षं कुऱ्हाड चालवतोय, आम्हाला नका शिकवू." कुऱ्हाडीवर तुमचा हात बसला असणार, त्यात शंका नाही. पण कुऱ्हाड तुम्ही थांबलात की थांबते. ही थांबत नाही.

माझंच सांगतो. पलूसला ताईच्या रानात बाभळीचा ढीग होता, जळणाचे तुकडे करायचे होते. मी वरचा ओंडका कापत होतो. पट्टी ओंडक्याच्या पलीकडं चार बोटं बाहेर निघाली होती, आणि पलीकडं पानांत मनगटाएवढी फांदी दडलेली. टोक तिला लागलं. मला फक्त 'टण्' ऐकू आलं आणि डाव्या कानाशी वारा लागला. चेन थांबली होती. दाजी समोर ओंडका धरून उभे होते, तीन फुटांवर. दोघंही काही बोललो नाही. ताई बांधावरनं ओरडली, "मशीन का थांबवलं रे?"

त्या दिवसापासून ढिगात मशीन घालत नाही. एकेक ओंडका ओढून मोकळ्यावर घेतो, खाली दोन लाकडं टाकतो आणि मगच कापतो. आणि ओंडका माणसानं धरायचा नाही. दाजी असोत नाहीतर गडी असो, समोर कुणी नको.

द्राक्षवाल्यांनी हे जास्त ऐकावं. बाग काढताना आधी तारा काढा. मांडवाची तार पानाआड दिसत नाही आणि टोक तारेला लागलं की किक पण बसते आणि चेन पण तुटते. बांधावरच्या लिंबात, बाभळीत जुनी काटेरी तार नाहीतर खिळे आत गेलेले असतात, साल त्यांच्यावर वाढलेली असते. सालीला गाठ किंवा काळा डाग दिसला तर कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून बघा, तिथं कापू नका. खरड छाटणीच्या वेळी ती एका हाताची छोटी बॅटरीवाली मशीन बरेच वापरतात, त्यावरही विचारलंय. त्यालाही टोक आहे. आणि त्यातल्या बऱ्याच मशीनना ब्रेक नसतो. दुसऱ्या हातानं फांदी धरायची नाही, एवढं तरी पाळा.

आता ग्राइंडरचं. हे मला खरंच बघवत नाही. चार इंची ग्राइंडरला बसवायची चेन आणि पट्टी मिळते, स्वस्त आहे, आणि रोज कुणीतरी लिंक पाठवून विचारतं, "घेऊ का?" नका घेऊ. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या घरात फिरतो, तो लोखंड घासायला केलाय. त्या जोडणीला ब्रेक नाही, मनगटापुढं ढाल नाही, तेलाची सोय धड नाही. आणि ग्राइंडरचं बटण सरकवून लॉक होतं. किक आली, हातातनं सुटला, तरी चेन फिरतच राहते, जमिनीवर पडून पायाकडं येते. मी आत्ता जे ब्रेकचं सांगितलं, त्यातलं काहीच तिथं नाही. माझ्या दुकानात ती जोडणी बसवून मागायला येऊ नका, मी बसवून देणार नाही.

हात. उजवा मागच्या मुठीवर, डावा पुढच्या. डावखुऱ्यांनीही असंच, मशीन तसंच केलंय. डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या खालनं वळवून घ्या, बोटांना भेटला पाहिजे. फोटोत बघतो मी, अंगठा वर ठेवून धरतात. किक आली की असा हात सुटतो, आणि हात सुटला तर मनगट ढालीवर आपटणार कसं? डावं कोपर सरळ ठेवा. आणि पट्टीच्या रेषेत उभं राहू नका, थोडं डावीकडं सरका. म्हणजे पट्टी वर आलीच तर तिच्या वाटेत तुमचं डोकं नसेल. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही, शिडीवर तर अजिबात नाही. तिथं टोक कुठं लागतंय ते दिसतच नाही.

आणि कापायचं पट्टीच्या बुडानं. ह्या इथं मशीनला लोखंडी दाते आहेत, ते ओंडक्याला टेकवा, चेन आधी पूर्ण वेगात येऊ द्या, मग खाली उतरवा. टोक पलीकडं मोकळ्या हवेत राहील असं बघा. सारखी नजर टोकावर. कापतोय तिथं चेन आपलं काम करते, तिथं टक लावून बघायची गरज नाही.

पट्टी अडकण्याचं थोडक्यात सांगतो. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मधोमध वरची बाजू दाबात असते. वरनं एक तृतीयांश कापा आणि बाकीचं खालनं. एकच टोक टेकलंय, दुसरं लोंबकळतंय, तर उलट, आधी खालनं थोडं, मग वरनं. खालनं कापताना पट्टीची वरची बाजू लागते, मशीन तुमच्याकडं ढकलतं, त्यामुळं हात घट्ट आणि टोक मोकळं. अडकलीच पट्टी तर हिसडे देऊ नका. बटण सोडा, प्लग काढा, पाचर ठोका.

चेनचा ताण विचारणारे बरेच आहेत. प्लग काढून, हातमोजा घालून चेन हातानं फिरवा. खालच्या बाजूला पट्टीला लागून बसली पाहिजे, पण हातानं सहज फिरली पाहिजे. काम करताना तापून सैल पडते, मग ताणावी लागते. संध्याकाळी काम संपलं की परत थोडी सैल सोडा. तापलेली ताणून तशीच ठेवली तर थंड होऊन आकसते आणि शाफ्टवर ओढ येते. भुसा पिठासारखा पडायला लागला तर चेन बोथट झाली, धारवाली चेन ढलप्या काढते. बोथट चेनला माणूस रेटतो, आणि रेटताना टोक कुठं जातंय ते विसरतो. धारेचा व्हिडिओ वेगळा करतो, चार एमएमची कानस आणून ठेवा.

काकांचं मशीन इथंच आहे. उद्या न्यायला येणार आहेत. ब्रेक साफ केला, स्प्रिंगला ग्रीस लावलं, आहे तसा परत बसवला. आणि घरातनं नेलपॉलिश मागून पट्टीच्या दोन्ही बाजूंना, बारा ते तीन एवढा भाग, लाल करून ठेवलाय.