रजिस्टर्ड मॅग्नमवर नक्षी घालावी का?

[दृश्य : टेबलावर मऊ कापड. त्यावर गडद निळ्या पोलादाचं रिव्हॉल्व्हर, शेजारी पिवळं पडलेलं प्रमाणपत्र.]

अमेरिकेत १९३५ साली महामंदी होती. लोकांना कामं मिळत नव्हती, आणि अशा वेळी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं ६० डॉलरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. एवढ्या पैशांत तेव्हा घरात बरंच काही येत असे. तरीही मागणी अशी आली की कारखान्याला ती पुरवणं जड गेलं.

संग्राहक त्याला 'रजिस्टर्ड मॅग्नम' म्हणतात. '.३५७ मॅग्नम' हे तेव्हाचं सर्वांत जोरकस हँडगन काडतूस याच रिव्हॉल्व्हरबरोबर जन्माला आलं. कंपनीच्या घराण्यातले मेजर डग्लस वेसन स्वतः ते घेऊन शिकारीला गेले, मोठमोठी जनावरं मारून आले आणि त्याची जाहिरात झाली. पहिला नग एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना देण्यात आला.

पण आपल्या आजच्या गोष्टीला महत्त्वाचं आहे ते त्याचं 'रजिस्टर्ड' असणं. गिऱ्हाइकानं सांगायचं आणि कारखान्यानं तसं बनवून द्यायचं. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या टप्प्यानं, हवी तेवढी. नेम धरायची पुढची माशी कशी, मागची खाच कशी, मूठ कुठली, पोलाद निळं की निकेल चढवलेलं, आणि किती अंतरावर नेम जुळवून द्यायचा, हेसुद्धा. प्रत्येक नगाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक. सिलिंडर बाजूला उघडला की फ्रेमच्या, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या, खाचेत 'आरईजी' अशी अक्षरं आणि पुढे तो आकडा दिसतो. मालकानं कार्ड भरून पाठवलं की त्याच्या नावाचं प्रमाणपत्र टपालानं घरी येई. १९३९ मध्ये ही नोंदणीची पद्धत बंद झाली. तोवर साधारण साडेपाच हजार नग झाले होते.

आज त्यातला एखादा कुणाच्या तरी हाती येतो. वडिलोपार्जित असेल, लिलावातून घेतलेला असेल. निळा रंग शाबूत आहे, कागद आहेत. आणि मालकाच्या मनात येतं : याच्यावर एखाद्या नामांकित कारागिराकडून वेलबुट्टी कोरून घेतली तर? मधे सोन्याची तार, मुठीवर आपली आद्याक्षरं?

[दृश्य : जुनी छायाचित्रं. एकोणिसाव्या शतकातलं न्यूयॉर्क, हार्टफर्डचा कोल्ट कारखाना.]

हा मोह उगाच होत नाही. अमेरिकन रिव्हॉल्व्हर आणि नक्षी यांचा संसार जुना आहे. गुस्ताव यंग हा प्रशियातून आलेला कारागीर आधी कोल्ट या दुसऱ्या रिव्हॉल्व्हर कंपनीसाठी काम करायचा, मग १८६९ मध्ये स्मिथ अँड वेसनकडे आला. त्याची मुलंही त्याच धंद्यात शिरली. कोल्टकडे क्यूनो हेल्फ्रिश्टनं १८७१ पासून जवळपास पन्नास वर्षं हे खातं सांभाळलं. जर्मन हात, अमेरिकन पोलाद. पानांच्या मोठ्या गोलाकार वेली आणि त्यांच्यामागे बारीक ठिपक्यांची जमीन ही जी 'अमेरिकन' नक्षी आपण ओळखतो, ती अशी घडली.

कारखान्यांनी नक्षीच्या प्रतीही ठरवल्या होत्या. इथे नवखा हमखास फसतो. कोल्टची 'ए' प्रत म्हणजे सर्वांत कमी, पृष्ठभागाच्या पाव भागावर नक्षी, आणि 'डी' म्हणजे पूर्ण. स्मिथ अँड वेसनकडे मात्र उलटं : 'ए' म्हणजे पूर्ण, 'सी' म्हणजे एक-तृतीयांश. फोनवर नुसतं "ए ग्रेड आहे" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला आधी कंपनी विचारावी.

आता, संग्राहकांचा एक ठाम नियम असतो : कारखान्यातून नक्षी घालून बाहेर पडलं तेच खरं, नंतर घातलेली नक्षी म्हणजे नुकसान. नियम सोपा आहे, पण इतिहास त्याला सरळ दाद देत नाही. लुई डॅनियल निम्श्के हा न्यूयॉर्कचा कारागीर कोल्टच्या पगारावर नव्हता. तो मोठ्या व्यापाऱ्यांसाठी नक्षी कोरायचा. हार्टली अँड ग्रॅहम या पेढीकडे कारखान्यातून साधी रिव्हॉल्व्हर यायची आणि त्यांच्यावर निम्श्केचा हात फिरायचा. थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. तरुणपणी डकोटात गुरांच्या धंद्यात असताना त्यांच्याकडे जे कोल्ट होतं, त्यावरची नक्षी निम्श्केची आहे आणि मूठ हस्तिदंताची. लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयात ते ठेवलेलं आहे. ते 'बाहेरचं काम' आहे म्हणून कमी प्रतीचं, असं म्हणण्याची कुणाची छाती नाही.

म्हणजे फरक कारखान्याच्या भिंतीचा नाही. फरक वेळेचा आहे. निम्श्केच्या हाती आलेलं रिव्हॉल्व्हर नवं होतं. त्याला अजून आयुष्य लागलेलं नव्हतं. त्याच्यावरून काही खरवडून काढायचं नव्हतं.

[दृश्य : कार्यशाळा. फिरता गोल शिकंजा, भिंग, हातात छिन्नी.]

आणि खरी अडचण इथेच आहे. लोकांना वाटतं नक्षी म्हणजे असलेल्या रिव्हॉल्व्हरवर काहीतरी भर. प्रत्यक्षात काम सुरू होतं ते काढून टाकण्यापासून.

आधी रिव्हॉल्व्हर पूर्ण सुटं करतात. मग निळा मुलामा उतरवतात. पोलाद घासून गुळगुळीत करतात, कारण ओरखड्यांवर बारीक रेघ नीट उठत नाही. त्यावर पेन्सिलीनं किंवा सुईनं आराखडा. मग तुकडा गोल शिकंज्यात धरायचा. कारागिराच्या एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी. हल्ली हवेच्या दाबावर चालणारी अवजारंही वापरतात, त्यांत हातोडीचं काम हवा करते. वळण घेताना छिन्नीबरोबर शिकंजाही फिरतो, म्हणून वेल सलग दिसते. सोनं बसवायचं असेल तर आधी पोलादात खाच पाडतात, तिच्या कडा आतून रुंद करतात आणि त्यात मऊ तार ठोकून बसवतात. डिंक नाही, धातू वितळवून दिलेला डाग नाही. सोनं त्या कडांनीच आवळलेलं असतं. पूर्ण नक्षीला महिने लागतात. नावाजलेल्या कारागिराकडे रांग वर्षांची असते. खर्च हजारो डॉलर.

काम संपलं की पुन्हा निळा मुलामा द्यायचा. रजिस्टर्ड मॅग्नमचा मूळ निळा रंग नव्वद वर्षांपूर्वी भट्टीत चढवलेला आहे. त्याआधी ज्या माणसांनी चामड्याच्या चाकांवर पोलाद घासलं, त्यांनी फक्त तेच काम आयुष्यभर केलं होतं. आज काही मोजके लोक त्याच्या जवळ जातील असं काम करतात. जवळ जातील, एवढंच.

या मॉडेलच्या फ्रेमच्या माथ्यावर आणि नळीच्या वरच्या पट्टीवर अगदी बारीक चौकड्या आहेत. उन्हाची चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून. घासणाऱ्याचा हात जरा जड पडला की त्या चौकड्या बोथट होतात. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. नळीवरची अक्षरं पुसट होतात. जाणकार संग्राहक नक्षी पाहायच्या आधी स्क्रूची भोकं पाहतो.

आपल्याकडे हे समजायला फार लांब जायला नको. हौशीनं चिंच लावून चकचकीत केलेली शिवराई नाणं जमवणाऱ्याला दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

[दृश्य : पॅटन यांची छायाचित्रं. कमरेला हस्तिदंती मूठ.]

दुसऱ्या महायुद्धात गाजलेले अमेरिकन सेनापती जनरल जॉर्ज पॅटन यांचं उदाहरण या प्रश्नाला फार नेमकं लागू पडतं. १९१६ मध्ये त्यांनी टेक्सासमधल्या एल पासोत 'कोल्ट सिंगल ॲक्शन' हे रिव्हॉल्व्हर घेतलं. चांदीचा मुलामा, हेल्फ्रिश्टची नक्षी, हस्तिदंती मूठ. ते आज केंटकीतल्या फोर्ट नॉक्सच्या पॅटन संग्रहालयात आहे. त्याच वर्षी मे महिन्यात मेक्सिकोत पांचो व्हिया या बंडखोर नेत्याच्या माणसांशी चकमक झाली आणि पॅटननी त्या मुठीवर दोन खाचा पाडल्या असं सांगतात.

मग १९३५ मध्ये हवाईत असताना त्यांनी दुसरं रिव्हॉल्व्हर घेतलं. कोणतं? रजिस्टर्ड मॅग्नम. साडेतीन इंची नळी, हस्तिदंती मूठ. आणि पोलाद मात्र तसंच साधं, निळं. नक्षीची हौस असलेल्या, ऐपत असलेल्या या माणसानं मॅग्नमवर छिन्नी लावू दिली नाही. कारण काय, ते त्यांना ठाऊक. आम्हाला एवढंच दिसतं की त्या रिव्हॉल्व्हरला नक्षीची उणीव कधी भासली नाही.

साधेपणाची किंमत बाजारालाही कळते. ज्या कोल्टनं शेरीफ पॅट गॅरेटनं १८८१ मध्ये न्यू मेक्सिकोत बिली द किड या कुख्यात गुंडाला मारलं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. त्यावर वेलबुट्टी नाही, सोनं नाही. कारखान्यातून निघालेली हजारो रिव्हॉल्व्हर तशीच दिसतात. पैसे मोजले गेले ते हे रिव्हॉल्व्हर त्या रात्री कुणाच्या हातात होतं यासाठी.

रजिस्टर्ड मॅग्नम बहुतेकांचं एवढं गाजलेलं नसतं. पण एक गोष्ट प्रत्येकाजवळ असते. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून इतिहासाचं पत्र मागवता येतं. त्यात दिसतं की हे रिव्हॉल्व्हर कधी, कुठे पाठवलं, नळी किती होती, माशी कोणती होती. म्हणजे हे आधीच एका माणसाच्या आवडीनं बनवलेलं आहे. कुणी दुकानदार, कुणी पोलीस अधिकारी, कुणी शिकारी. त्याला पावणेसात इंचांची नळी हवी होती आणि सोनेरी ठिपक्याची माशी हवी होती, म्हणून ती आहे. त्यावर आपली वेल कोरणं म्हणजे त्याच्या मागणीवर आपली मागणी लिहिणं. कोल्टच्या किंवा स्मिथच्या दुसऱ्या कुठल्या मॉडेलबाबत आम्ही इतका आग्रह धरला नसता. इथे धरतो.

मोजके रजिस्टर्ड मॅग्नम कारखान्यातूनच नक्षी घालून गेले होते, हेही खरं. पत्रात तशी नोंद असते. नोंद नसेल आणि नक्षी असेल, तर ती नंतरची. खरेदीदार ते लगेच पकडतो : नळीचं तोंड म्यानात घासून झिजलेलं आणि शेजारची वेल मात्र कालची वाटावी अशी धारदार.

[दृश्य : दुसरं रिव्हॉल्व्हर. तोच घाट, वेगळी मूठ, निळा रंग कडांना उडालेला.]

मग नक्षीची हौस मारायची का? अजिबात नाही. फक्त पोलाद दुसरं घ्यायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्मिथ अँड वेसननं तेच .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर पुन्हा बनवायला घेतलं. १९५७ मध्ये त्याला नाव मिळालं 'मॉडेल २७'. तीच मोठी 'एन' फ्रेम, माथ्यावर त्याच चौकड्या. १९९४ पर्यंत ते बनत राहिलं. असं एखादं शोधावं ज्याचा रंग आधीच उडालाय, किंवा ज्याला कुणीतरी पूर्वी नव्यानं मुलामा दिलाय. संग्राहकाच्या हिशेबी ते खालच्या पायरीवर गेलेलं असतं, म्हणून स्वस्त मिळतं. गमावण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं आणि कारागिराच्या छिन्नीला पोलाद तितकंच चांगलं.

कारागीर निवडताना त्याचं आधीचं काम हातात घेऊन पाहावं. फोटोत सगळ्या वेली सुंदर दिसतात. गोलाई पाहावी : वेलीचा वळसा मधे कुठे कोन करतो का? मागची ठिपक्यांची जमीन सगळीकडे सारखी खोल आहे का? वळणाच्या आतल्या बाजूला छिन्नी घसरल्याच्या खुणा आहेत का? स्क्रूच्या डोक्यावरची नक्षी शेजारच्या फ्रेमवरच्या नक्षीशी जुळते का? चांगला कारागीर स्क्रू घट्ट आवळल्यावर खाच कुठल्या दिशेला येते तेही जुळवतो.

अमेरिकन कायद्याच्या दोन गोष्टी. नक्षीचा धंदा करणाऱ्याकडे शस्त्रविक्रेत्याचा संघराज्य परवाना लागतो. आणि अनुक्रमांकाला हात लावायचा नाही. तो पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे, मग वेल कितीही सुंदर असो. हस्तिदंती मुठीचं स्वप्न असेल तर आधी आपल्या राज्याचा कायदा पाहावा. २०१६ पासून आफ्रिकन हत्तीच्या दातांच्या व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मॅमथ या नामशेष हत्तीचा दातही चालत नाही. अक्रोडाची चांगली मूठ निळ्या पोलादावर खुलून दिसते, आणि आमच्या मते हस्तिदंतापेक्षा कमी भपकेबाज.

शेवटचं एक मागणं कारागिराकडे जरूर करावं. निम्श्के आपल्या नक्षीवर शाई लावून तिचा ठसा कागदावर घ्यायचा आणि वहीत ठेवायचा. ती ठशांची वही टिकली, म्हणूनच त्याची कितीतरी कामं आज ओळखता येतात. आपल्या मॉडेल २७ चा तसाच ठसा घ्यायला सांगावं, त्याच्यावर कारागिराची सही आणि तारीख घ्यावी, आणि तो कागद रिव्हॉल्व्हरच्या बिलाबरोबर ठेवावा. रजिस्टर्ड मॅग्नम असेल तर ते पुसून, हलकं तेल लावून, प्रमाणपत्रासह होतं तिथेच ठेवावं.