कचऱ्याच्या डोंगरात मिथेन नेमका किती?

नमस्कार, श्रोतेहो. कचरा डेपोतल्या गॅसवर वीज करायची म्हटलं की लगेच विचारलं जातं, किती मेगावॉट? त्याआधी विचारावं, गॅस मोजला कसा?

कागदावरचा अंदाज सोपा. कोणत्या वर्षी किती टन कचरा पडला, त्यात कुजणारा भाग किती आणि तो किती वेगाने कुजतो, एवढ्यावर हिशेब मांडता येतो. मेख आहे ती वेगात. उष्ण, ओल्या हवेत अन्नाचा कचरा दोनेक वर्षांत निम्मा संपतो, लाकडाला मात्र दशकं लागतात. म्हणून पंपिंग चाचणी हवीच.

कचऱ्यात बोअर घ्यायचं, भोकं पाडलेला पाइप सोडायचा, भोवती खडी भरायची आणि वरचा भाग बेंटोनाइटने, म्हणजे ओलाव्याने फुगणाऱ्या चिकणमातीने, बंद करायचा. मग ब्लोअरने गॅस हलकेच ओढायचा आणि आसपासच्या नळ्यांमध्ये दाब किती उतरतो ते पाहायचं. ओढ कुठवर पोचते, ते त्यावरून कळतं. इथे घाई नडते. पहिल्या दिवसांत भरघोस येणारा गॅस पोकळ्यांत आधीच साठलेला असतो. ती शिल्लक आहे, उत्पन्न नव्हे. प्रवाह स्थिरावेपर्यंत चाचणी चालू ठेवावी, मग त्याला आठवडे लागले तरी.

ओढ जास्त झाली तर हवा आत शिरते. गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन, म्हणजे जळणारा वायू, आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. हे दोन्ही आणि ऑक्सिजन वजा करून उरतो तो मुख्यतः नायट्रोजन. तो ऑक्सिजनच्या पावणेचार पट निघाला, तर हवा जोडातून किंवा नमुन्याच्या नळीतून येते आहे: जोड घट्ट करा. नायट्रोजन भरपूर पण ऑक्सिजन जवळपास नाही, तर हवा कचऱ्यातून आली आणि तिचा ऑक्सिजन वाटेत खर्च झाला: व्हॉल्व्ह थोडा बंद करा. सोबत तापमान चढत असेल आणि कार्बन मोनॉक्साइड दिसत असेल, तर आत कचरा धुमसत असल्याची शंका घ्यावी. आणि प्रवाह एकाएकी आटला, तर बोअरमध्ये लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं पाणी, चढलंय का, ते आधी पाहावं.

आता आकडा. समजा, मीटरवर ताशी १००० घनमीटर दिसतात. पण गॅस ४५ अंशांवर आहे आणि वाफेने भरलेला आहे. शून्य अंश, कोरडा, वातावरणाचा दाब असा हिशेब केला की उरतात सुमारे ७८०. त्यात मिथेन निम्मा, म्हणजे ३९०. दर घनमीटर मिथेनमागे उष्णता जवळपास १० युनिट. इंजिनाची कार्यक्षमता ३८ टक्के धरली, तर वीज दीड मेगावॉटच्या आसपास. तापमान आणि वाफेची ही वजावट विसरलात तर कागदावर १.९ मेगावॉट दिसतात, आणि इंजिन तेवढ्या क्षमतेचं मागवलं जातं.

राहिला पृष्ठभागातून निसटणारा गॅस. जमिनीवर तळ नसलेली बंद पेटी ठेवून आतलं मिथेन मिनिटागणिक किती चढतं, ते मोजतात. पण बरीचशी गळती मोजक्या भेगांतून होते, तेव्हा चार पेट्यांची सरासरी फसवी ठरते. हवेचा दाब उतरत असताना गळती वाढते. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी बॅरोमीटरचा आकडाही लिहावा.